मथुराबाईंच्या नावचा होकार

सकाळी साडेसातला बिबवेवाडीतल्या एका सोसायटीच्या फाटकावर मथुराबाई उभ्या होत्या आणि भिंतीवरचे यंत्र त्यांचा चेहरा पाहून पुन्हा पुन्हा लाल होत होते. अकरा वर्षे त्या इथे पोळ्या करायला येत. आदल्या दिवशी शेजारच्या सोसायटीतल्या त्यांच्या एका मालकिणीचा चांदीचा करंडा दिसेना. त्यांनी लगेच फाटकाच्या ॲपवर मथुराबाईंच्या नावापुढे ‘संशयित’ दाबले. झाले! परिसरातली सगळी फाटके बंद, चार घरची कामे बंद. करंडा संध्याकाळी गौरी-गणपतीच्या सामानात सापडला. पण ‘सापडला’ म्हणायला त्या ॲपवर बटणच नव्हते. एवढी हुशार माणसे, पण तेवढे कुणाला सुचले नाही!

पूर्णिमा धावतच खाली आली. मथुराबाई तिच्याकडेही कामाला होत्या, आणि ती त्याच ॲपच्या कंपनीत वकील होती.

“मी आजच बोलते ऑफिसात.”

“बोला. पण ताई, माझं तोंड ह्या डबड्यात घालताना मला कुणी विचारलं होतं?”

पूर्णिमाने तडक रिक्षा पकडली.

ऑफिसात संचालक अभिनवने तिच्यापुढे कागद सरकवला. “सगळ्या कामगारांची संमती घेतलीय, एवढंच सर्टिफाय करायचंय. दुपारी इन्व्हेस्टर्स येतायत.”

तिने मथुराबाईंची नोंद उघडली. संमती मिळाली होती. ओटीपी गेला होता तो पूर्णिमाच्याच मोबाइलवर! आठ महिन्यांपूर्वी मीटिंगच्या गडबडीत तिने ‘मान्य’ दाबले होते. तिने आणखी नोंदी उघडल्या. चेहरा कामवालीचा, होकार मालकिणीचा, सगळीकडे तेच. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“ही संमती त्या बायकांची नाही, अभिनव. आपण परस्पर दिलेली आहे.”

“अगं, मेड्सना कन्सेंट वगैरे काय कळतंय?”

“कळतं. आज सकाळी त्यांनीच विचारलं. कायदा शिकून मला ते सुचलं नव्हतं.”

“सही नसेल करायची, तर दुसरा वकील बघतो.”

“अवश्य बघ. पुण्यात वकिलांना काय तोटा! फक्त त्याला आधी माझं पत्र वाचायला दे.”

पत्र सगळ्या संचालकांना गेले: संशयितांची यादी बंद करा, विचारल्यावाचून घेतलेले चेहरे पुसा. पुराव्यात पहिली नोंद तिने स्वतः दाबलेल्या ‘मान्य’ची होती.

यादी रात्रीच बंद झाली. पूर्णिमाची नोकरी राहणार की जाणार, ते मात्र ठरायचे होते.

सकाळी पहारेकरी उत्तरेश्वर म्हणाला, “मावशी, दावा तोंड. आता हिरवं येतंय.”

“नाही दाखवत,” मथुराबाई म्हणाल्या. “अकरा वर्षं बघतोयस ना मला? मग तू उघड.”

मागे आणखी पाचसहा बायका येऊन उभ्या राहिल्या. एकीनेही यंत्राकडे पाहिले नाही. उत्तरेश्वरने मुकाट्याने हाताने फाटक उघडले.

वाचकहो, आपल्याही घरी कुणी पोळ्या करायला येत असेल. तिच्या नावचा होकार आपल्या मोबाइलवरून गेला आहे का, एवढे आज पाहा; आणि गेला असेल, तर उद्या ती आल्यावर तिच्यासमोर कबूल करा.