रॅकमधून तापी वाहत नाही

मित्रांनो, क्रेन म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे रस्त्याकडेला मान उंचावून उभे असलेले पिवळे धूड येते. तो समज आधी बाजूला ठेवा. मी त्या कुळातली नव्हे. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका गोदामात राहणारी मी एक जुनी क्रेन आहे. वर्षांच्या हिशेबाने मी म्हातारी ठरत नाही, हे मान्य. परंतु यंत्राचे वय वर्षांनी मोजावे की फेऱ्यांनी, हा वादाचा प्रश्न आहे, आणि त्या वादात मी फेऱ्यांच्या पक्षाची आहे.

माझा जन्म पुण्याच्या कारखान्यात झाला. नव्वदीच्या दशकारंभी ट्रेलरवर आडवी निजून मी धुळ्यामार्गे येथे आले. धुळ्याच्या मुलांनी मला रॉकेट ठरवले होते, आणि खरे सांगायचे तर ते ऐकून मला गुदगुल्या झाल्या होत्या. गोदामात मला उभे केले, तेव्हा माझा माथा थेट छताला भिडला. दोन्ही बाजूंना आकाशाला टेकणारे रॅक, मधे अरुंद गल्ली आणि त्या गल्लीतल्या रुळावर मी! संगणकाने आज्ञा करावी, मी धावावे, उंच चढावे, लोखंडी हात लांबवून ठिबक सिंचनाच्या नळ्यांची वेटोळी अलगद काढावीत आणि दारापाशी आणून ठेवावीत. पहिल्या दिवशी नारळ फुटला, टाळ्या पडल्या. मला वाटले, आता माझ्यासारखी मीच!

हा गर्व फार टिकला नाही. गोदामाचे प्रमुख कौतिक आबा मूळचे भडगावचे. त्यांची हयात आडत बाजारात गेली होती, आणि तिथली रीत त्यांनी इथे आणली होती: सकाळी फक्त आवक, दुपारी फक्त जावक. शिवाय त्यांनी रॅकवर जिल्ह्याचा नकाशाच मांडला होता. दार दक्षिणेला, म्हणून भडगावचा माल दाराशी. बोदवडचा मधे, उजव्या हाताला. आणि फैजपूरचा गल्लीच्या पार उत्तर टोकाला, सर्वांत वरच्या खणात. आता गंमत पाहा. उन्हाळ्यात सर्वाधिक मागणी फैजपूरची, कारण पावसाळी केळीच्या लागवडीआधी तिकडच्या मळ्यांत नळ्या अंथरायच्या असतात. सकाळी मी माल आत नेऊन रिकामी परत येई, दुपारी रिकामी आत जाऊन माल आणी. माझी निम्मी धाव फुकट जात होती!

दारात ट्रकांची रांग वाढू लागली. फैजपूरचा ट्रकवाला झुलाल रोज ओरडे, “कारे भो, केळीले पानी आता मी बादलीनं घालू का?”

अखेर व्यवस्थापक रतिलालभाईंनी सर्वांना बोलावून सुनावले, “आखाजीपर्यंत ही रांग मोडली नाही, तर क्रेन काढून टाकू आणि पूर्वीसारखे हमालच लावू.”

आखाजी, म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. मित्रांनो, यंत्राला घाम फुटत नाही असे म्हणतात. म्हणोत बापडे!

संगणकाच्या खोलीत बसणाऱ्या सुनंदाबाई मूळच्या धुळ्याच्या, बोलायला सडेतोड. त्या आबांपुढे उभ्या राहिल्या. “आबा, क्रेन आत जाताना आवक घेऊन जाऊ द्या, येताना जावक घेऊन येऊ द्या. आणि फैजपूरचा माल दाराजवळ आणा.”

आबांनी टोपी सारखी केली. “बई, आवक सरत नही तवलोंग जावकले हात लावाना नही. हाई आडतनी रीत शे. आनि फैजपूर तापीपल्याड शे. ते दारजोडे कसं ई?” नदीपल्याडचे गाव दाराजवळ येईलच कसे, हा त्यांचा सवाल.

“आबा, रॅकमधून तापी वाहत नाही!”

शकील फिटर माझ्या रुळाला वंगण लावत होता. तो इतका हसला की त्याच्या हातातली तेलाची बरणी कलंडली. आबा मात्र हसले नाहीत. त्यांनी एकच विचारले: दारापाशी माल ठेवायचा ओटा एकच आहे, आत जाणारा आणि बाहेर येणारा माल त्यावर समोरासमोर आला, तर?

तसेच घडले. सुनंदाबाईंची योजना सुरू झाली त्या पहिल्याच दिवशी भडगावची आलेली वेटोळी ओट्यावर, फैजपूरची जाणारी वेटोळी माझ्या हातात, आणि दोघांच्या मधे मी खोळंबलेली! आबांची शंका खरी होती, सुनंदाबाईंची योजनाही खरी होती. खोटा होता तो एकटा ओटा. शकीलने आबांनाच विचारून शेजारी रोलरचा दुसरा ओटा बसवला. डावा आवकेचा, उजवा जावकेचा. आबांनी फैजपूरची पाटी स्वतः दाराशी आणून ठोकली.

आणि मग काय सांगू! डाव्या ओट्यावरून उचलावे, आत ठेवावे, तिथूनच दुसरा माल घेऊन उजव्या ओट्यावर यावे. हात कधी रिकामा नाही! रांग सरकू लागली. झुलालच्या ओरडण्याच्या शिट्या झाल्या. आखाजीच्या आदल्या दुपारी त्याचा एकच ट्रक उरला होता, आणि नेमक्या त्याच वेळी माझी करकर ऐकून शकीलने लाल बटण दाबून मला गल्लीत थांबवले.

“शकील, एकच ट्रक राहिलाय!” रतिलालभाई कडाडले.

“भाई, ब्रेक तापलाय. थंड होऊ द्या, मग ट्रकच काय, अख्खं फैजपूर भरून देतो.”

“आता थांबलो तर रांग मोडली असं मी कसं म्हणू?”

झुलालही दंड ठोकत पुढे आला. माझा निकाल आता त्या दोघांच्या हाती होता. तेवढ्यात आबा मधे उभे राहिले. “झुलाल, तुन्हा ट्रकनं इंजिन घाटमा तापस, तवय तू उभा ऱ्हास का नही? मंग इले बी उभं ऱ्हाऊ दे.”

झुलालची मान खाली गेली. “ऱ्हातो ना, आबा,” तो पुटपुटला आणि बोनेटला टेकून विडी शोधू लागला. शकीलने ब्रेक उघडला, झिजलेली पट्टी बदलली, आणि उन्हे कलण्याआधी शेवटचे वेटोळे मी उजव्या ओट्यावर उतरवले. ट्रक हॉर्न वाजवीत तापीच्या दिशेने निघाला.

रतिलालभाई आबांकडे वळले. “काय आबा, हमाल बोलवायचे ना?”

“बलाव ना,” आबा म्हणाले, “सकाय आखाजीनी पुरणपोळी खावाले!”

मित्रांनो, लोक अजून म्हणतात की त्या उन्हाळ्यात मी वेगाने धावले. हे विधान मला अमान्य आहे. माझी मोटर तीच होती आणि वेगही तोच होता. मला रिकाम्या हाताने कोणी पळवले नाही, आणि तापले तेव्हा माणसे माझ्या बाजूने उभी राहिली. तुमच्या घरी शिवणयंत्र असेल, पाण्याचा पंप असेल, वडिलांची सायकल असेल. त्यांच्याकडून भरपूर काम घ्या, त्यात आम्हांला आनंदच आहे. पण आमच्या आवाजात जरासा बदल झाला, तर घाई कितीही असो, एकदा थांबून कान द्या. आम्हांला ओरडता येत नाही; आम्ही केवळ करकरतो.