बिनकडीचं झाकण

टीव्हीवरची मालिका अकरा भागांतच गुंडाळली गेली आणि तिच्यातल्या मुखवटेधारी वीराची गाडी बरबँक गावातल्या ऑरिनच्या शेडमध्ये परत आली. ऑरिनने एका जुन्या मोटारीचा पत्रा कापून-जोडून ती घडवली होती. वर बुडबुड्यासारखं पारदर्शक प्लॅस्टिकचं झाकण, आत पांढऱ्या चामड्याची गादी. गादी त्याच्या बायकोने, वर्लाने, हाताने शिवलेली.

झाकण आतून उघडत नसे. चित्रीकरणात कॅमेऱ्यामागचा माणूस बाहेरून खटका ओढायचा, मग वीर उडी मारून बाहेर.

बेकर्सफील्ड गावातल्या एका नव्या दुकानाच्या उद्घाटनाला गाडी आणि वीर दोघांनाही बोलावणं आलं, तेव्हा ऑरिन म्हणाला, आत कडी बसवू. त्यासाठी गादीचा काठ उसवावा लागणार होता.

"माझ्या टाक्याला कात्री लावून तर बघ," वर्ला म्हणाली. "खटक्यापाशी मी उभी राहीन. माझे हात काय मोडलेत?"

ऑरिनने कडी परत खणात टाकली. तीस वर्षं तो तिचं ऐकतच आला होता.

वीर म्हणजे लाइल, मालिका बंद पडल्यापासून रिकामा बसलेला नट. मुखवटा चढवता चढवता तो म्हणाला, "मावशी, विसरू नका हं मला आत."

"विसरायला तू काय माझा नवरा आहेस?"

लाइल गाडीत बसला, झाकण लागलं; दुकानदाराचं भाषण संपलं की ते उघडायचं ठरलं होतं. ऑगस्टचं ऊन रणरणत होतं आणि दुकानदार काही आवरेना. तेवढ्यात वर्तमानपत्राच्या एका बाईने विचारलं, ही गादी कुणी शिवली? वर्ला तिला घेऊन सावलीत गेली. दुहेरी टाका कसा घालायचा, चामडं कसं ताणायचं, सगळं अगदी सविस्तर सांगितलं. मागे धपधप ऐकू येत होती. लाइल आतून झाकणावर मुठी आपटत होता आणि पोरं हसत बाहेरून आपटत होती. रंगात आलाय लाइल, असं तिला वाटलं.

मग धपधप थांबली.

तिने धावत जाऊन खटका ओढला. उन्हाने फुगलेलं झाकण हलेना. ऑरिनने हातोडीने ते फोडलं, पण लाइलची कललेली मान पुन्हा वर झाली नाही. डॉक्टरने नाडी बघून तो गेल्याचं सांगितलं.

आतून कडी का नाही, असं पोलिसाने विचारलं. ऑरिन जमिनीकडे बघत पुटपुटला, "माझ्या लक्षातच आलं नाही."

"खोटं बोलतोय तो," वर्ला म्हणाली. "तो बसवत होता. मी बसवू दिली नाही. उभी राहते म्हणाले आणि राहिले नाही. लिहा तसंच."

पोलीस ऑरिनकडे बघायला लागला.

"त्याच्याकडे काय बघता? मी सांगतेय ना."