गंजीखालचा कातळ

"ताई, गंजीखालीबी हाय. आत्ताच रेघ मारू नका."

चाफेवाडीच्या बनाबाईंनी हे मला जानेवारीत दुसऱ्या कुणाच्यातरी फोनवरून सांगितलं होतं आणि मी "हो मावशी, बघते" म्हणून फोन ठेवला होता. ठेवला कसला, गादीवर टाकला. त्याच मिनिटाला माझ्या लेकीनं, शांभवीनं, कुठूनतरी शेंगदाणा उचलून तोंडात घातला होता आणि माझं बोट तिच्या घशापर्यंत गेलं होतं. शेंगदाणा निघाला. ती रडली, मी रडले, गंजी राहून गेली.

पण सगळा दोष शेंगदाण्यावर टाकणं बरोबर नाही. संध्याकाळी मला ते वाक्य आठवलं होतं. मी ते बाजूला सारलं. सड्यावरच्या माणसांना प्रत्येक खळग्यात काहीतरी दिसतं, असं मी तोवर धरून चालले होते.

मी घाटावर, कळंब्यात राहते आणि कोकणातल्या कातळशिल्पांचे नकाशे काढते. समुद्राजवळच्या डोंगरांचे माथे सपाट, उघड्या कातळाचे असतात, त्यांना तिकडे सडा म्हणतात. त्या कातळावर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी हत्ती, मासे, माणसं कोरून ठेवली आहेत. किती हजार ते आमचे राजवर्धन सरही नेमकं सांगत नाहीत. सर तिथं जाऊन ड्रोननं फोटो काढतात. मी इथं बसून एकेक खाच स्क्रीनवर गिरवते आणि शेवटी सगळ्याभोवती हद्द ओढते. हद्दीच्या आत जपायचं, बाहेर मालकाची मर्जी. भूगोलात एम.ए. केलं होतं, बाळंतपणानंतर कॉलेजातली नोकरी सुटली, आणि हे काम पोरीच्या झोपेच्या वेळात बसतं. स्वभावालाही बरं. झोपलेल्या लेकरासमोर वाकून त्याचं पोट वरखाली होतंय ना, हे बघत बसणारी बाई मी. फोटोतली बोटभर खाच माझ्या नजरेतून सुटणार नाही असा मला गर्व होता.

चाफेवाडीच्या सड्याचा नकाशा मी फेब्रुवारीत पूर्ण केला. सात आकृत्या निघाल्या. पश्चिमेला एक लांब, एकटी रेघ होती, तिच्यापुढे 'नैसर्गिक भेग' लिहिलं. रेघ जिथं संपत होती तिथं एक गोल काळपट डाग होता, त्याला 'झुडूप' लिहिलं आणि हद्द त्याच्या अलीकडून ओढली. पलीकडच्या जमिनीत चिरेखाण निघणार होती. तिथला दगड मशीननं चौकोनी चिरे करून कापतात. एकदा मशीन फिरलं की त्या जागी खड्डा राहतो, दुसरं काही नाही.

एप्रिलातला मंगळवार. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना अव्वा म्हणतो, शांभवीला मांडीवर घेऊन नाचणीची आंबील भरवत होत्या. पोरीनं तोंड उघडावं म्हणून त्या तिला माझ्या स्क्रीनवरचे फोटो दाखवत होत्या.

"ह्यो बघ हत्ती. ही बघ गंजी. कुणाची गं गंजी, पुट्टी?"

"झुडूप आहे ते, अव्वा."

"झुडपाला दोरीचं वेढं असत्यात व्हय? दोरीला दगूड बांधल्यात बघ की, वाऱ्यानं उडू नये म्हणून. एवढं शिकलीस आनि गवताची गंजी कळंना तुला."

मी फोटो मोठा केला. डागाच्या कडेला चार बारक्या सावल्या होत्या. लोंबते दगड. बनाबाईंचा जानेवारीतला आवाज शब्दन् शब्द कानात वाजला.

गुरुवारी त्या जमिनीची सरकारी मोजणी होती. माझ्या नकाशावरून कातळावर रंगाच्या खुणा होणार होत्या आणि शुक्रवारी मशीन येणार होतं.

सरांना फोन लावला. ते रत्नागिरीकडे दुसऱ्या सड्यावर होते. "गंजी असेलही," ते म्हणाले. "सड्यावर सगळीकडे गंज्या असतात, अनुजा. कुठली कुठली उचकटायची? खाली काही आहे असा पुरावा असेल तर मी भांडेन. नुसत्या शंकेवर कोण थांबणार? मी गुरुवारी सकाळी पोचतो. त्याआधी कुणी जाणारं असेल तर बघ."

जाणारं कोण, मीच. मृत्युंजय, माझा नवरा, हुपरीला पैंजणांचे साचे करतो, त्याला लग्नसराईत सुट्टी नाही. "एप्रिलात पोरीला घेऊन कातळावर? तुला पंख्याखाली तिची काळजी वाटती," तो म्हणाला. खोटं नव्हतं ते.

"मी जाते की संगं," अव्वा म्हणाल्या. "झुडूप कसलं असतंय ते हिला दाखवून आणते."

बुधवारी सकाळच्या एसटीनं निघालो. गगनबावड्यापर्यंत शांभवी खिडकीला नाक लावून बसली, घाटाच्या तिसऱ्या वळणावर माझ्या अंगावर ओकली. तळेऱ्याला उतरून रिक्षा केली. दोनच्या उन्हात चाफेवाडीत पोचलो तेव्हा बनाबाई दारात म्हशीला पाणी दाखवत होत्या. सत्तरीच्या, काटक. मूळच्या गगनबावड्याजवळच्या, लग्न होऊन घाट उतरल्याला पन्नास वर्षं झाली, पण बोली घाटावरचीच ठेवलेली.

"रेघ मारनारी तूच व्हय?"

"मीच."

"आनि आत्ता आलीस."

"आत्ता आले, मावशी."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग शांभवीला. "पोरगी वाळलीया उन्हानं. आधी ताक पाज तिला."

सड्यावर गेलो. म्हशीनं निम्मी खाऊनही गंजी माझ्या डोक्याच्या वर होती. इतका सडा मोकळा पडलेला असताना गंजी नेमकी इथंच का, हे मी विचारलं.

"सासूनं घालून दिलंतं. हितंच घालायची. गुरांचं खूर पडू ने, कुनी कोयत्यानं खरडू ने. तिला तिच्या सासूनं सांगितलंतं. पावसात मोकळं ऱ्हातंय, पर तवा कोन येतंय वर?"

जिनं इतकी वर्षं हा कातळ राखला, त्या गंजीलाच मी झुडूप लिहून हद्दीबाहेर काढलं होतं.

"हलवायची झाली तर पुन्ना रचाय लागंल," बनाबाई म्हणाल्या. "पाऊस पडंपत्तोर म्हशीला हेच हाय."

अव्वांनी पदर खोचला. "रचायचं काय घेऊन बसलासा? आमच्या गडहिंग्लजकडं बायकाच गंज्या रचत्यात."

"घाटावरची गंजी ती. हितं समुद्राचा वारा असतोय."

"वारा काय तुमास्नी एकट्यालाच दिलाय व्हय द्येवानं?"

मी चाळीस पावलांवर करवंदाच्या जाळीच्या सावलीत चादर अंथरली, विंचवासाठी तीनदा उचलून पाहिली, वर छत्री उघडली आणि शांभवीला तिथं बसवलं. दर चार पेंढ्यांनी एकदा मान वळवून बघत होते. बनाबाईंनी आधी काठीनं गंजी बडवली, दोन उंदीर पळाले, मग आम्ही तिघी हात मारायला लागलो. अव्वा आणि बनाबाई एकमेकींच्या रचण्याला नावं ठेवत होत्या आणि गवत भराभर सरकत होतं.

चार वाजता खालचा कातळ उघडा पडला. मी केरसुणीनं भुसा झाडला. काही नव्हतं. सपाट, फिकट दगड. मी गुडघ्यावर बसून तळव्यानं चाचपला, दगड तापलेला, हात पोळला. पोरीला उन्हात आणलं, म्हातारीचं गवत विस्कटलं, आणि खाली काही नाही.

"मावशी, नक्की इथंच?"

"ऊन कलू दे की जरा. किती घाई असती तुमा लोकास्नी."

साडेपाचला ऊन तिरकं झालं. बनाबाईंनी कळशीतलं पाणी ओंजळीनं शिंपडलं आणि पाणी आपसूक वळायला लागलं. आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या. मी 'नैसर्गिक भेग' लिहिलेली रेघ सरळ आत आली, रुंदावली, दोन्हीकडे फाकली. दोन पलंग मावतील एवढी आकृती, मधोमध दोन गोल खळगे.

"पतंग हाय," अव्वा म्हणाल्या. "शेपटीसकट."

बनाबाई हसत हसत खालीच बसल्या. "पतंग कसला वं, वाघळी हाय. बाजारात येती की."

"वाघळी म्हंजे?"

"मासा. चपटा असतोय, लांब शेपटीचा."

"आमी खात न्हाई, आमाला काय कळनार," अव्वा म्हणाल्या आणि तरीही चप्पल काढून मगच कडेनं फिरल्या.

भेग म्हणून मी जी सोडून दिली ती वाघळीची शेपटी होती. दोरी ताणून मीटर-मीटरचे चौकोन पाडले. दोरीचं टोक बनाबाईंनी धरलं, मोजपट्टी अव्वांनी. सूर्य बुडायच्या आत प्रत्येक चौकोनाचा फोटो झाला. शांभवी गवतावर झोपली होती. पोट वरखाली होत होतं.

गुरुवारी सकाळी सर आले, मोजणीचे साहेब आले, आणि जमिनीचा मालक आदर्श, माझ्याच वयाचा.

"वहिनी, तुमच्याच नकाशात झुडूप लिहिलंय," त्यानं कागद पुढे केला. "मी त्यावर मशीन ठरवलंय."

"चुकले मी," मी म्हणाले. सगळ्यांसमोर म्हणताना वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. सरही म्हणाले, "मीही तपासायला हवं होतं."

"माझ्या हातात जो नकाशा आहे तोच मी रंगवणार," साहेब म्हणाले. "नवा आणा, अर्ज द्या, मंजूर झाला की खूण हलवू." आणि रंग वाघळीच्या अलीकडेच पडला.

आदर्श मात्र गेला नाही. कोवळं ऊन आडवं होतं, खाचा स्वच्छ दिसत होत्या. तो शेपटीच्या टोकापासून चालत डोळ्यांपर्यंत गेला. "लहानपणी ह्या गंजीवरून आम्ही उड्या मारायचो," तो म्हणाला. मग हातातल्या कागदाची घडी घालत, "मशीन रस्त्याच्या बाजूनं लावतो. पंधरा दिवस. त्याच्यापुढे माझ्या हातात नाही."

बनाबाईंनी माझं मनगट धरलं. "कागूद झाला की तूच येऊन सांग. दुसऱ्या कुनाचं मी ऐकनार न्हाय. तवर मी हितंच बसनार."

घरी येऊन चार दिवसांत नकाशा नवा केला. अव्वा पोरीला घेऊन कळंबा तलावावर चकरा मारत होत्या. 'झुडूप' खोडून मी आठवी आकृती लिहिली. बाराव्या दिवशी मंजुरीचं पत्र आलं. हद्द एकवीस मीटर पश्चिमेला सरकली, रंगाची नवी खूण झाली, आदर्शनं स्वतः उभं राहून करून घेतली. वाघळी आत आहे.

फक्त मी जाऊ शकलेले नाही. पत्र आलं त्याच दिवशी शांभवीच्या पाठीवर कांजिण्यांचे फोड दिसले, आणि डॉक्टर म्हणतात अजून आठवडाभर तिला कुठं न्यायचं नाही, आणि अशा अंगानं तिला घरी सोडून मला निघवत नाही. आदर्शला फोन केला. तो म्हणाला, "वहिनी, मी सांगितलं, सरांनी पत्र वाचून दाखवलं. त्या म्हणतात, रेघ मारणारी येऊ दे. सकाळी म्हैस घेऊन वर जातात, दिवेलागणीला उतरतात." बनाबाईंकडे स्वतःचा फोन नाही, आणि दुसऱ्याच्या फोनवर आता त्या येत नाहीत. मे महिन्याचा कातळ आहे, आणि आता तिथं गंजीची सावलीही नाही.

तुमच्यापैकी कुणी या दिवसांत घाट उतरून समुद्राकडे निघणार असेल, तर तळेऱ्यापुढे अर्ध्या तासावर चाफेवाडीचा फाटा लागतो. शाळेच्या मागून पायवाट वर जाते. बनाबाई पश्चिमेच्या टोकाला असतील. तुमचं त्या ऐकणार नाहीत, उठवायचा प्रयत्न करू नका. डोक्यावर काही आहे का, कळशीत पाणी आहे का, पायाला फोड आलेत का, तेवढं बघा. पुढच्या रविवारी अनुजा येतेय म्हणून सांगा. आणि मला कळवा, त्या बऱ्या आहेत ना.