मोतीरामकाकांची कंबर

“विश्वास नाही बसणार तुमचा,” मोतीरामकाकांनी सुरुवातच अशी केली. जयंतीच्या मिरवणुकीत लेझीमच्या पहिल्या रांगेत शिरायचं, तर भागीरथाला पटवणं भाग होतं. रांगा तीच लावायची. आणि जन्मभर वजनं उचलून काकांचं अंग लोखंडी कपाट झालंय, असं अख्खा गढा मोहल्ला म्हणायचा.

“कपाट होतो, कबूल. मग ग्वारीघाटावर पोहणं धरलं, घरी वाकून झाडू मारला, नाचलोसुद्धा. अंग असं सुटलं, की भेडाघाटला मागं वाकलो तर हात थेट पलीकडच्या खडकाले टेकले! खालून नर्मदा वाहून राहिली, अन् वरून माकडांची वरात चालली, माझ्या पोटावरून!”

“अच्छा? वरात?”

“बँडसकट! नवरदेव तर मधातच बसून पान खाऊन गेला.”

भोवती जमलेल्या लेझीमच्या पोरी हसून लोळल्या. काकांना आता पहिली रांग दिसायलाच लागली होती. भागीरथा मात्र त्यांच्या नव्या बुटांकडे बघत होती.

“काका, इतके वाकता, तर आत्ता दारात बुटाची नाडी काकूकडून काहून बांधून घेतली?”