हेरल्डचा डॅशबोर्ड

उत्तम खानविलकरांची जुनी स्टँडर्ड हेरल्ड गाडी जेसल पार्कातल्या त्यांच्या बिल्डिंगमागे, खाडीच्या अंगाला उभी असायची. गिरगावात होती तोवर ठीक होतं. भाईंदरला राहायला आल्यावर मात्र खारा वारा तिच्या लाकडी डॅशबोर्डात शिरला. आधी पापुद्रे सुटले, मग फळी फुगली, आणि चौऱ्याण्णवचा पावसाळा सरता सरता स्पीडोमीटर आपल्या भोकातून तिरका होऊन बाहेर डोकावू लागला.

उत्तमरावांना तेव्हा वेळच वेळ होता. कंपनीनं व्हीआरएस दिली होती. बायको आनंदी लेकीच्या, क्षितिजाच्या बाळंतपणाला म्हणून पुण्याला गेली, ती तिकडचीच झाली. भांडण असं काहीच नव्हतं. आधी बाळ लहान म्हणून, मग क्षितिजाची नोकरी म्हणून, मग इशिता पाळणाघरात रडते म्हणून. नात आता दोन वर्षांची झाली होती. समोरच्या हंसाबेन जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "भाभी कब आएगी?"

"आएगी ना. बच्ची थोडी बडी हो जाने दो," उत्तमराव म्हणायचे आणि कुलूप उघडायचे.

एका सकाळी त्यांनी बॅटरीची वायर सोडवली आणि डॅशबोर्ड उतरवायला घेतला. सीटवर उताणे झोपून, पाय दाराबाहेर काढून, टॉर्च दातांत धरून. स्पीडोमीटरची केबल मागून हातानंच सुटली. वायरींची गुंतावळ मोठी होती. कुठली कुठे जाते ते कळावं म्हणून आनंदीच्या शिवणाच्या डब्यातले रंगीत दोरे आणून त्यांनी एकेकीला बांधले. शेवटचा बोल्ट गंजून बसला होता, तो रॉकेल घालून दोन दिवसांनी हलला. फळी हातात आली तेव्हा निम्मी भुगा झाली होती.

तिच्यावरून त्यांनी प्लायवूडची नवी फळी कापली. जेवणाच्या टेबलावरच कापली. अडवायला कोण होतं? घासली, वर सागाचा पातळ पापुद्रा चिकटवला, पॉलिशचे हात मारले. दिवाळी आली नि गेली. फळी आरशासारखी झाली तरी ते घासतच होते.

बसवताना पंचाईत झाली. फळीचं एक टोक उचलून धरलं की दुसरं खाली यायचं. पोटानं रेटून पाहिलं, उशा लावून पाहिल्या. एका माणसाचं कामच नव्हतं ते. कोपऱ्यावर गॅरेज होतं, खालचा वॉचमनही आला असता. पण उत्तमरावांनी वर येऊन पुण्याला फोन लावला.

"डॅशबोर्ड बसवायचाय," ते म्हणाले. "एकट्यानं जमत नाहीये."

"मग मेकॅनिकला बोलवा ना!" आनंदी हसली.

"मेकॅनिक नको."

पलीकडचं हसू थांबलं. "बरं," ती म्हणाली. "शनिवारी येते."

आली तीच घरभर फिरली. टेबलावरचा भुगा पाहिला, फडक्यानं पुसून काढला. चहा घेऊन दोघं खाली गेली. आनंदी पदर खोचून डावीकडच्या सीटवर बसली आणि फळी दोन्ही हातांनी पेलून धरली. उत्तमराव खालून घुसले.

"थोडं वर. अजून. बास, हलू नको."

"हे दोरे माझे ना?"

"हो. हिरवा वायपरचा आहे."

"मला वाटलं होतं, या वेळी तरी म्हणाल," ती वरून म्हणाली.

"काय?"

"ये म्हणून. दोन वर्षांत एकदा नाही म्हणालात. बोलावलंत ते फळी धरायला."

उत्तमरावांच्या हातातला नट निसटला आणि कुठेतरी कार्पेटखाली गेला. तो शोधायला त्यांना गरजेपेक्षा जास्त वेळ लागला. मग त्यांनी एकेक बोल्ट आवळला. आनंदीचे हात भरून आले होते, तरी शेवटचा बसेपर्यंत तिनं फळी सोडली नाही.

संध्याकाळी ते तिला जवळच पालीला, समुद्रावर घेऊन गेले. स्पीडोमीटरचा काटा कितीतरी महिन्यांनी सरळ चालला. किनाऱ्यावर जाळी वाळत पडली होती. गाडीतच बसून उत्तमराव समोर बघत म्हणाले, "परत ये आनंदी."

आनंदीनं आपल्या बाजूची काच खाली केली.

"तिथं सकाळी उठलं की माझ्या नावानं हाका सुरू होतात," ती म्हणाली. "इथं तुम्ही गाडीखाली, मी ओट्याशी. दिवस दिवस एक शब्द नाही. मला नाही हो जमणार आता." मग म्हणाली, "तुम्हीच या की."

"माझं काय काम तिथं?"

दुसऱ्या दिवशी ती गेली.

जानेवारीत उत्तमराव खरंच पुण्याला गेले, हेरल्ड घेऊन. खंडाळ्याला इंजिन तापलं, तिथं तासभर थांबावं लागलं. घरी सगळ्यांनी त्यांचं मनापासून केलं. जावई हॉलमधला दिवाण झटकून द्यायचा, क्षितिजा आवडीचं करायची. पण सकाळी जो तो आपापल्या कामाला लागला की उत्तमरावांना कुठं उभं राहावं तेच कळायचं नाही. जिथं उभे राहतील तिथून कुणाला तरी जायचं असायचं. आठवडा भरायच्या आत त्यांनी बॅग भरली. आनंदी फाटकापर्यंत आली. "पोचलात की फोन करा," म्हणाली. थांबा मात्र म्हणाली नाही.

भाईंदरला पोचल्यावर त्यांनी फोन केला. बराच वेळ वाजून कुणीतरी उचलला. बोललं कुणी नाही, नुसता बारीक श्वास ऐकू येत होता.

"इशिता? आजीला दे बाळा."

इशितानं रिसीव्हर बहुतेक तसाच खाली ठेवला. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, कपाट आपटलं, क्षितिजा कुणाला तरी हसली. आनंदी कुठूनतरी विचारत होती, "अगं, माझा चष्मा पाहिलास का?" फोन चालू आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. उत्तमराव ऐकत राहिले. एसटीडीचं बिल चढत होतं, ते चढू दिलं.