पेटीतला बारा फुटी नाग

“सांगून कुणाचा इश्वास बसायचा न्हाई,” गेणभाऊ म्हणाले, “पर त्यो नाग बारा फुटी व्हता.”

नारायणगावची मिसळ पोटात घालून टोमॅटोची पिकअप पुण्याच्या वाटेला लागली होती. मुलगा सुदर्शन चालवत होता. गेणभाऊंच्या मांडीवर पाच वर्षांचा नातू शौर्य, सारजाबाईंच्या मांडीवर तिसरीतली नात समृद्धी. निघाले होते सर्पोद्यान बघायला.

गेणभाऊंनी पिंपरी पेंढारात चाळीस वर्षं विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त केल्या, पण माणूस नावाजला तो एका सापानं. मळ्यात त्यांनी स्टार्टरची पेटी उघडली, तर आत नाग. ह्यांनी मानगूट धरली. नागानं हिसडा देऊन विहिरीत उडी टाकली, त्याच्यामागं ह्यांनी. नाग बुडाला, हे वर आले. गेणभाऊंना ओलेचिंब घरी येताना निम्म्या गावानं पाहिलं होतं. मग बाकीचंही खरं मानणं भाग पडलं. त्या दिवशी नाग सहा फुटी होता. सुदर्शनच्या लग्नात नऊ भरला, शौर्यच्या बारशाला बारा. नाग निघाला त्या दिवशी मळ्यात भाकरी घेऊन गेलेल्या सारजाबाई ही गोष्ट निघाली की तोंडाला पदर लावत.

आता शौर्यनं बालवाडीत सांगून टाकलं होतं, की माझे आजोबा सर्पोद्यानातल्या नागाला हात लावणार. तेव्हापासून गेणभाऊ जायचा दिवस पुढं ढकलत आले होते.

सर्पोद्यानात सगळे साप काचेच्या आड निघाले. गेणभाऊंचा जीव भांड्यात पडला. “काच नसती तर दावलं असतं,” ते प्रत्येक खिडकीपुढं म्हणाले.

एवढ्यात तिथला माणूस ताटात काहीतरी पांढुरकं, लांबडं घेऊन आला. “ही नागानं टाकलेली कात. कोण हातात घेऊन बघणार?”

“आमचे आजोबा,” शौर्य म्हणाला, आणि त्यांचं बोट धरून ओढत त्यानं त्यांना पुढं नेलं.

कात वाऱ्यानं जराशी हलली. गेणभाऊ दोन पावलं मागं.

“आज चतुर्थी हाय,” ते म्हणाले. “उपासाला जनावराच्या कातीला शिवत न्हाईत.”

“आजोबा, सकाळी मिसळ खाल्ली ना तुम्ही,” समृद्धी म्हणाली. “दोनदा तर्री मागितली.”

गर्दीत कुणीतरी हसलं. शौर्यनं आजोबांच्या तोंडाकडं पाहिलं आणि हळूच त्यांचं बोट सोडलं.

ते सोडलेलं बोट सारजाबाईंना दिसलं. “सरा वाईच,” म्हणत त्या पुढं झाल्या आणि धुतलेली चोळी उचलावी तशी त्यांनी ती कात तळहातावर घेतली. नवऱ्याची बाजू सावरायलाच त्या बोलल्या. “ही लई बारकी. आपल्या पेटीतली हिच्यापरास लांब व्हती.”

“ऐकलं?” गेणभाऊंना हुरूप चढला. “आजीबी म्हणतीया. बारा काय, चौदा फूट असंल.”

समृद्धी कातीकडं बघत राहिली, मग आजीकडं.

“पेटीतली काय गं आजी? कात?”

सारजाबाईंचा पदर तोंडाशी गेला.

“म्हणजे पेटीत नाग नव्हताच,” समृद्धी सावकाश म्हणाली. “आजोबा कातीला भिऊन विहिरीत पडले.”

सुदर्शन उगाच मोबाइल बघू लागला. चाळीस वर्षं करंटच्या तारा हाताळलेला तो हात गेणभाऊंच्या बाजूला नुसता लोंबत होता. शौर्यनं थोडा वेळ विचार केला आणि ते बोट पुन्हा धरलं.

“आजोबा, विहीर खूप खोल होती?”

गेणभाऊंनी खाकरून घसा साफ केला. छाती पुन्हा पुढं आली.

“साठ फूट, बाळा. आन् वरपतूर पानी. सांगून कुणाचा इश्वास बसायचा न्हाई, पर...”

“इहीर कुठली,” सारजाबाई कात ताटात ठेवत म्हणाल्या. “गुरांचा हौद व्हता त्यो.”