धुरकट दिसणारं यंत्र

“याचे दात बघायला मिळतील का?” राहीबाईने विचारलं.

दुकानातल्या काचेच्या टेबलावर दोन काळे डबे शेजारी शेजारी मांडले होते. दोन्ही सारखेच आडवे, सारखेच जड. अनस त्यांच्या पाठीमागे वाकून तारा खोचत होता, तो हसत सरळ झाला.

“आजी, हा होम थिएटरचा रिसीव्हर आहे. बैल नव्हे.”

“तेवढं कळतंय मला. बैल दोन पावलं चालवून दाखवता येतो. ह्यो काय करतो? बसून ऱ्हातो.”

“बसून सगळं करतो. डिस्क, डिश, मोबाईल, सगळ्यांच्या तारा ह्याच्याकडे येतात. मग हा आवाज स्पीकरांना वाटून देतो आणि चित्र टीव्हीला.”

“म्हंजे थोरली सून,” राहीबाई म्हणाली आणि न विचारता खुर्चीवर बसली. “बरं, चालव तुझी सून.”

अनसची उमर कुवेतला असली यंत्रं जोडण्यात गेली होती. परत आल्यावर त्याने महाडच्या बाजारात हे दुकान टाकलं. राहीबाईचा नातू हर्षद पनवेलला कंपनीत होता. पोलादपूरच्या वर, कुडपणच्या वाटेला त्यांची वाडी. तिथल्या घराला हर्षदने यंदा नवा हॉल काढला आणि भिंतभर टीव्ही लावला. आता हा डबा. त्यासाठी महिनाभर तो मोबाईलवर लोकांची भांडणं वाचत होता, की जुनं बारीक चित्र मोठं करताना कुठल्या डब्यातला प्रोसेसर सरस. राहीबाई म्हणायची, पोरगी बघतानासुद्धा एवढी चौकशी कोण करत नाय.

पण कशासाठी चाललंय ते तिलाही ठाऊक होतं. नव्या सिनेमाला असल्या यंत्राची गरज नव्हती. हर्षदला एकच डिस्क बघायची होती. ती त्याने स्वच्छ रुमालात गुंडाळून आणली होती.

डिस्क वाडीच्या जत्रेची. जत्रेत देवाची काठी उठते. चांगली दोन पुरुष उंच, वर मोरपिसांचा तुरा. ती उचलायचा मान दर वर्षी एका घराला. त्या घरातल्या कर्त्या पुरुषाने लाल फेटा बांधायचा, श्वास काठीला लागू नये म्हणून फेट्याचा सुटा शेव तोंडावरून घ्यायचा, गुलालाने कपाळ भरायचं आणि देवळासमोर एकट्याने काठी उभी करायची. त्या घरच्या आईने मात्र जत्रेला जायचं नाही. देवाजवळ दिवा लावून घरातच बसायचं. ढोल घुमला की समजायचं, काठी उभी राहिली.

राहीबाई अशी बसली होती. ढोल घुमला तेव्हा तिने दिव्याला हात जोडले. मग राजेंद्र, तिचा मुलगा, गुलालाने माखून घरी आला, पायरीवर बसला आणि म्हणाला, “झालं गो आये.” जत्रेच्या आधी आठ दिवस त्याच्या अंगात कणकण होती. काठी दुसऱ्या घराला देऊ या का, असं तो एकदा पुटपुटला होता. राहीबाईने त्याला असा झाडला की पुन्हा त्याने तोंड उघडलं नाही. दिवाळीच्या आत राजेंद्र गेला. मूत्रपिंडं आधीपासूनच गेलेली होती, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा हर्षदला नीट चालताही येत नव्हतं.

राजेंद्राचे फोटो होते, पण हलताना बोलताना तो कुठेच नव्हता. लग्नं टिपणाऱ्या एका कॅमेरावाल्याने टिपलेली ही जत्रा तेवढी होती. घरच्या जुन्या छोट्या टीव्हीवर ती दर जत्रेला लागायची. लाल फेट्याचा एक धुरकट माणूस वाकायचा, काठी उचलायचा, मागून लोक ओरडायचे. हर्षदने बापाला तेवढंच पाहिलं होतं. आणि राहीबाईने आल्यागेल्याला तेवढंच ऐकवलं होतं, की आमच्या राजाने अंगात ताप असताना काठी पेलली, तुमच्यातला एकजण दाखवा.

“हा पहिला,” अनस म्हणाला.

पडद्यावर जत्रा आली. चित्र मोठं झालं होतं, इतकंच. माणसांच्या कडा फाटक्या दिसत होत्या. लाल फेटा वाकला, हलला आणि त्याच्या हातांच्या जागी नुसत्या आडव्या रेघा थरथरल्या.

“बघ, हेच,” हर्षद वैतागून म्हणाला. “माणूस हलला की फाटतो.”

“जुना कॅमेरा एक चित्र दोन तुकड्यांत घ्यायचा, आजी,” अनस राहीबाईला सांगू लागला. “एक ओळ ह्या तुकड्यात, पुढची त्या तुकड्यात. मधल्या वेळात माणूस हलला की तुकडे जुळत नाहीत. कडेला कंगव्याचे दात येतात. हा पहिला डबा ते तसेच ताणून मोठे करतो. दुसऱ्याचा प्रोसेसर आधी तुकडे जुळवतो, मग मोठे करतो.”

“गोधडी शिवल्यागत.”

“अगदी तस्संच.”

“मग उसवलेली कशाला दाखवतोस? शिवलेली दाखव.”

अनसने तार काढून दुसऱ्या डब्यात खोचली. तेवढ्यात हर्षदचा फोन वाजला. कंपनीतून होता. “दोन मिनटं हां, सर, बोला,” म्हणत तो दुकानाच्या दाराशी गेला आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

जत्रा पुन्हा आली. राहीबाई पुढे सरकली. देवळाच्या पायऱ्यांचे दगड एकेक सुटे दिसत होते. ढोलाची दोरी दिसत होती. लाल फेट्याचा माणूस गर्दीतून आला, त्याच्या शर्टाच्या रेघा दिसल्या. तोंडावर शेव, वर गुलाल, मध्ये नुसते डोळे. तो वाकला. उजवा हात काठीच्या बुडाशी, डावा वर. काठी सरळ होत गेली तसा डावा हात कॅमेऱ्याकडे वळला.

डाव्या हाताला शेवटची दोन बोटं नव्हती.

काठी उभी राहिली, ढोल घुमला, लोक ओरडले.

“अनस, परत लाव.”

त्याने परत लावलं. हात पुन्हा वळला. तीच तीन बोटं काठीला घट्ट धरून होती.

“ह्यो डबा मनाचं काय घालतो का रे? की असलेलं पुसतो?”

“नाही आजी. काही नवे टीव्ही आपल्या मनाचं रंगवतात. हा नाही. जे टिपलंय तेच जुळवतो. म्हणून तर मी हाच घ्या म्हणतो.”

वाडीत तसा हात एकाचाच होता. कुशाबाचा. राजेंद्राचा जोडीदार, त्याच्याच अंगाबांध्याचा. जत्रेच्या आदल्या वर्षी भात कांडायच्या गिरणीच्या पट्ट्यात त्याचा हात गेला होता. आणि भंगल्या हाताने देवाची काठी धरायची नाही, हा वाडीचा नेम. धरली तर त्या घराचा मान जातो, धरणाऱ्याला गाव वाळीत टाकतं. हे कुशाबाच्या तोंडावर सगळ्यात जास्त वेळा कुणी ऐकवलं असेल तर ते राहीबाईने. दर जत्रेला तो डिस्क बघायला यायचा, उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसायचा, डावा हात घोंगडीखाली. आणि ही म्हणायची, “बघ रे कुशाबा, काठी अशी धरत्यात. तुझ्याच्यानं झालं नसतं.” तो म्हणायचा, “नाय काकी, माझ्याच्यानं कसलं होतं.”

तिला रडू आलं नाही. पायाला मुंग्या आल्यावर पाय आपला नसल्यासारखा वाटतो, तसं तिचं सगळं अंग झालं होतं. समोरच्या पडद्यावर आता कुणीतरी नारळ फोडत होतं. आणखी कुणाकुणाला ठाऊक असेल, एवढा एक विचार तिच्या डोक्यातून गेला आणि तोही थांबला नाही.

हर्षद फोन खिशात घालत आत आला. “काय आजी? दिसले बाबा? लाव रे अनसभाई, मला बघू दे.”

“नको लावू,” राहीबाई म्हणाली. “बघून झालं. तो पहिला घे.”

“पहिला?” हर्षद हसलाच. “अगं, पहिल्यात सगळं फाटतंय. धुरकट दिसतं.”

“माझे डोळे धुरकट झाले. मला त्यातच ओळख पटते.”

“अगं पण...”

“ह्या दुसऱ्यात सगळं टोचतं डोळ्याला. दगड न् दगड मोजायचा हाय का मला? मी आता किती जत्रा बघणार हाय रे? तू मला घेऊन आलास पारखायला. मी पारखलं. आता तुला तुझंच खरं करायचं आसल तर मला पोलादपूरच्या गाडीत बसव आणि घे काय घ्यायचं ते.”

हर्षदने अनसकडे पाहिलं. अनस राहीबाईकडे पाहत होता. दोनदा तेवढीच जागा लावायला सांगणारं गिऱ्हाईक त्याने आधीही पाहिलं असावं. तो काही न विचारता दुसऱ्या डब्याच्या तारा काढू लागला.

“आजींना बघायचंय ना शेवटी,” तो म्हणाला. “पहिलाही टिकाऊ आहे. आवाजाला तर दोन्ही सारखेच.”

“महिनाभर डोकं लावलं मी,” हर्षद पुटपुटला.

“डोकं हाय ते बरं झालं,” राहीबाई म्हणाली. “कुठंतरी लावायलाच पायजे.”

डबा गाडीत ठेवला. डिस्क तिने मागून घेतली आणि पोलादपूर येईपर्यंत रुमालासकट मांडीवर धरून बसली. वाटेत हर्षद म्हणाला, “चल, आवाज तरी भारी येईल.” ती म्हणाली, “हां.”

संध्याकाळी हर्षदने सगळं जोडलं. चार कोपऱ्यांत चार स्पीकर. राहीबाईने शेजारचा पोरगा पाठवून कुशाबाला बोलावून घेतलं. तो आला, केस पिकलेले, खांद्यावर घोंगडी. नव्या हॉलच्या फरशीकडे बघत त्याने चपला पार अंगणातच काढल्या आणि सवयीने उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसायला वाकला.

“तिथं नको,” राहीबाई म्हणाली. “हिकडं ये. सोफ्यावर.”

“असू दे काकी. पाय मळलेत.”

“मळू दे. धुवायला मी हाय की. ये म्हणते ना.”

तो आला, सोफ्याच्या कडेला टेकला. डावा हात घोंगडीखाली गेला. राहीबाई त्याच्या शेजारी बसली. इतक्या जवळ ती त्याच्याशेजारी कधी बसली नव्हती.

हर्षदने दिवे बारीक केले. जत्रा भिंतभर पसरली. ढोल चारही कोपऱ्यांतून आला, असा की खिडकीची काच थरथरली. कुशाबा दचकला. “आयला, देवळातच बसवलंस की रे.”

“बघ ना काका,” हर्षद खूश होऊन म्हणाला. “चित्र तेवढं आजीच्या पसंतीचं हाय.”

लाल फेटा गर्दीतून आला. कडा फाटलेल्या, हातांच्या जागी आडव्या रेघा. हर्षद पुढे झुकला. ह्या जागेला तो लहानपणापासून असाच झुकायचा.

“बाबा,” तो म्हणाला. “आजी, बघ. बाबा.”

“हां,” राहीबाई म्हणाली.

कुशाबा थांबला होता. ह्या जागेला त्याला दर वेळी ऐकावं लागायचं ते ऐकायला. ते आलं नाही. त्याने हळूच मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती पडद्याकडेच बघत होती.

“कुशाबा.”

“काय काकी?”

“हात भायेर काढ. थंडी नाय हाय.”

पडद्यावर काठी सरळ होत चालली होती. मग घोंगडी हलली. त्याने डावा हात बाहेर काढला आणि आपल्या गुडघ्यावर ठेवला, कुणाचा तरी ठेवायला दिलेला जिन्नस ठेवावा तसा. काठी उभी राहिली. ढोल घुमला. राहीबाईने दिव्याला जोडायचे तसे हात जोडले आणि ढोल थांबेपर्यंत खाली घेतले नाहीत.